बेलची .२७५ आणि अर्धवट सांगितलेला इतिहास

१/
“कॉर्बेटने चंपावतची नरभक्षक वाघीण .२७५ रिग्बीने मारली.” “बेलने त्याच हलक्या रायफलीने हजार हत्ती पाडले.” शिकारी रायफलींच्या शौकिनांत कॅलिबरचा वाद पेटला की ही दोन वाक्ये हमखास पुढे येतात. पहिले वाक्य चुकीचे आहे. दुसरे अर्धेच खरे आहे. या दोहोंवरून ‘लहान कॅलिबर आणि हलकी रायफल कशालाही पुरते’ असा जो निष्कर्ष काढला जातो, त्याची किंमत वाद घालणाऱ्याला मोजावी लागत नाही. ती जखमी जनावराला आणि पुष्कळदा त्याच्या वाटेवरच्या माणसांना मोजावी लागते. त्या निष्कर्षाची झडती घेणारा हा धागा.

२/
आधी चंपावत. साल १९०७. कुमाऊंच्या त्या मोहिमेत जिम कॉर्बेटच्या हाती .५०० बोअरची कॉर्डाइट रायफल होती आणि हाकाऱ्याच्या दिवशी खिशात तीनच काडतुसे होती. ती संपली तेव्हा वाघीण जखमी होती, पण जिवंत होती. कॉर्बेट धावत गेला, तहसीलदारांची जुनाट बंदूक मागून आणली आणि शेवटचा बार तिने काढला. या हकिगतीत .२७५ रिग्बी कुठेच नाही. असणार तरी कशी? ती रायफल कॉर्बेटला मिळाली ती याच वाघिणीच्या शिकारीचे बक्षीस म्हणून, संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांच्याकडून.

३/
गोंधळ कशामुळे झाला हेही स्पष्ट आहे. रायफलीच्या दस्त्यावरील चांदीच्या पट्टीवर चंपावतचे नाव कोरलेले आहे. पट्टी पाहणाऱ्याने बक्षिसालाच हत्यार मानले आणि पुढच्याने ते न तपासता उचलले. पदकाला तलवार समजण्यासारखाच हा प्रकार. मराठी वाचकांच्या किमान दोन पिढ्या कॉर्बेटच्या कथांवर वाढल्या. त्यांनी तरी मूळ कथेला पट्टीपेक्षा अधिक मान द्यायला हवा.

४/
.२७५ रिग्बीने कॉर्बेटची साथ खरोखर केली ती नंतर. १९२६ साली रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या तिनेच पडला. १९३० साली चौगढची वाघीण अवघ्या काही फुटांवर समोर आली, तेव्हा कॉर्बेटच्या डाव्या हातात पक्ष्याची अंडी होती आणि उजव्या एकाच हाताने त्याला ही रायफल हळूहळू फिरवावी लागली. अवजड दुनळी तशी फिरवता आली असती का, ही शंका रास्त आहे. हलक्या रायफलीच्या बाजूने याहून चांगला पुरावा शोधूनही सापडणार नाही. मात्र हाच कॉर्बेट .४५०/४०० ची दुनळीही बाळगत असे आणि काम पाहून दोहोंपैकी एक निवडत असे. त्याला एका पक्षाच्या झेंड्याखाली उभे करणे हा त्याच्यावरच अन्याय आहे.

५/
आता ‘.२७५’ या आकड्याकडे वळू. हे काडतूस इंग्लंडचे नव्हेच. १८९०च्या दशकाच्या आरंभी जर्मनीत माउझरने घडवलेले ७×५७ मिलिमीटरचे हे लष्करी काडतूस. १८९३ मध्ये ते स्पेनच्या सैन्याने स्वीकारले. दक्षिण आफ्रिकेतील बोअर शेतकऱ्यांनी १८९९ ते १९०२ या युद्धात याच काडतुसाने ब्रिटिश फौजेला जेरीस आणले. पुढे लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीने त्यालाच इंचांतले इंग्रजी नाव दिले आणि कालच्या शत्रूचे काडतूस साहेबाच्या शिकारखान्यात सन्मानाने दाखल झाले. ‘.२७५ चांगली की ७×५७?’ असा प्रश्न विचारणारा एकाच माणसाच्या दोन नावांची कुस्ती लावत असतो.

६/
गंमत अशी की .२७५ च्या गोळीचा व्यास .२७५ इंच नसतोच, तो.२८४ इंच असतो. रायफलीच्या नळीत आतून वळणदार खाचा असतात. दोन समोरासमोरच्या उंचवट्यांमधले अंतर हा एक आकडा, खाचांच्या तळांमधले अंतर हा दुसरा; गोळी दुसऱ्याला जुळणारी असते, नाव मात्र पुष्कळदा पहिल्यावरून पडते. .३०३ ची गोळी सुमारे .३११ इंचांची, .३१८ वेस्टली रिचर्ड्सची .३३० ची, .४७० ची जवळपास .४७५ ची. कुठे मापाची पद्धत वेगळी, कुठे व्यापाऱ्याची सोय. ज्या आकड्यांवरून तावातावाने भांडणे होतात, ते मुळात मापे कमी आणि पाट्या अधिक आहेत.

७/
काही पाट्या तर सरकारी हुकमाने जन्मल्या. १८९८ मध्ये रिग्बीने .४५० नायट्रो एक्सप्रेस बाजारात आणली आणि हिंदुस्थानात व आफ्रिकेत मोठ्या शिकारीसाठी ती प्रमाण मानली गेली. १९०७च्या सुमारास ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० बोअरच्या आयातीवर बंदी घातली. कारण जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलींचा बोअर तोच. शिकारी काडतुसांचा माल बंडखोरांच्या त्या रायफलींना पुरवला जाईल, ही धास्ती. बंदी आली तशी लंडनच्या बंदूककारांनी कपाटे उघडली. .४७०, .५००/४६५, .४७६ अशी काडतुसांची रांग हिंदुस्थानच्या बाजारासाठी उभी राहिली.

८/
.४५० ची गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमची; .४७० ची ५०० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅमची. वेग दोघींचा जवळपास सारखाच, सेकंदाला साडेसहाशे मीटरच्या आसपास. हत्तीला किंवा गव्याला या दोहोंतला फरक कळण्याची शक्यता नाही. तरीही .४५० आणि .४७० यांत श्रेष्ठ कोण, यावर आजवर कागद आणि शाई मुबलक खर्च झाली आहे. ज्या भेदाचे मूळ कारकुनाच्या मेजावर आहे, त्यासाठी हत्तीच्या मेंदूत पुरावा शोधला जातो!

९/
त्याच धोरणाची सावली स्वतंत्र भारतावरही आहे. लष्करी काडतूस खाजगी बंदुकीत चालता कामा नये, हे तत्त्व. १९५९च्या शस्त्र कायद्यातील ‘प्रतिबंधित बोअर’ ही वर्गवारी त्याच वळणाची आहे. म्हणूनच .३०३ सामान्य परवानाधारकाच्या आवाक्याबाहेर राहिली आणि आयुध निर्माणीची .३१५ बोअरची स्पोर्टिंग रायफल खेडोपाडीच्या परवान्यांवर दिसू लागली. ती कोणी जंगलात पारखून निवडलेली नाही. कायद्याने उघडी ठेवलेली ती एक खिडकी आहे.

१०/
आता मुख्य साक्षीदार: वॉल्टर डॅलरिंपल मेटलंड बेल, उर्फ ‘करामोजो’ बेल. जन्म १८८०, स्कॉटलंड. विसाव्या शतकाच्या आरंभी युगांडाच्या करामोजा भागात आणि पुढे आफ्रिकेत इतरत्र त्याने हस्तिदंतासाठी हजारांहून अधिक हत्ती मारले आणि त्यांतील बहुसंख्य .२७५ ने. हे खरे आहे. पण आधी एक गोष्ट नोंदवलेली बरी: हा खेळ नव्हता. हा हस्तिदंताचा धंदा होता आणि हा हजाराचा आकडा त्या धंद्याच्या खतावणीतला आहे. आज तो टाळ्या घेण्यासाठी फेकला जातो, तेव्हा हा संदर्भ सोयीस्करपणे गळून पडतो.

११/
दुसरी गळणारी गोष्ट म्हणजे गोळी. बेल वापरत असे ती १७३ ग्रेनची, सुमारे ११ ग्रॅम वजनाची, बोथट नाकाची, लांबट आणि पूर्ण धातूच्या आवरणातली गोळी. ती पसरत नाही, फुटत नाही, हाडातून सरळ आत जाते. वेग सेकंदाला सुमारे ७०० मीटर, म्हणजे आजच्या मानाने मंदच. आज बेलचे नाव घेऊन ७ मिलिमीटरची तरफदारी करणारे पुष्कळदा हलकी, वेगवान, आघाताबरोबर पसरणारी गोळी वापरत असतात. नळीचा व्यास तेवढा तोच. आतून बाहेर पडते ती गोळीच निराळ्या जातीची. साधर्म्य उरते ते पाटीपुरते.

१२/
तिसरी गोष्ट शरीरशास्त्राची. हत्तीचे मस्तक भव्य असले तरी त्याचा वरचा बराचसा भाग मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ हाडाचा असतो. मेंदू खाली आणि मागे दडलेला. बेलने हत्तीची कवटी करवतीने उभी कापून मेंदूची नेमकी जागा अभ्यासली होती. मागून तिरकस कोनात मेंदू गाठणारी गोळी तर त्याच्या नावानेच ओळखली जाते. त्याचे यश व्यासाचे कमी आणि या अभ्यासाचे व निशाण्याचे अधिक होते. .२७५ विकत घेता येते. कवटीचे ते ज्ञान तिच्यासोबत खोक्यात मिळत नाही.

१३/
आता त्याच ७ मिलिमीटरची दुसरी, क्वचितच सांगितली जाणारी कथा. १९११ साली पूर्व आफ्रिकेत जॉर्ज ग्रे नावाचा अनुभवी शिकारी सिंहाच्या हल्ल्यात घायाळ होऊन मरण पावला. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे यांचा हा भाऊ. त्याच्या हाती .२८० रॉस होती: गोळीचा व्यास .२८७ इंच, म्हणजे बेलच्या गोळीहून केसभर अधिक आणि वेग तर कितीतरी जास्त. चालून आलेल्या सिंहावर त्याने अगदी जवळून गोळ्या झाडल्या. सिंह थांबला नाही. हलकी, अतिवेगवान गोळी जवळच्या अंतरावर आत खोल न जाता वरच फुटते, हा धडा त्या काळच्या शिकाऱ्यांनी या मृत्यूतून घेतला.

१४/
व्यास जवळपास तोच. एकीकडे हजार हत्ती, दुसरीकडे एक सिंह आणि एक मृत्यू. मग ‘७ मिलिमीटर पुरते का?’ या प्रश्नाला उत्तर काय? उत्तर नाही, कारण प्रश्नच अपुरा आहे. कोणती गोळी, किती वजनाची, कशी घडवलेली, कोणत्या जनावरावर, किती अंतरावरून आणि कोणाच्या हातून, एवढे विचारल्याखेरीज कॅलिबरचा आकडा मुका असतो. शिवाय बेल जगला म्हणून त्याने पुस्तके लिहिली. त्याचे अनुकरण करून जे तुडवले गेले, त्यांनी काहीही लिहिले नाही. वाचलेल्यांच्या साक्षीवर चाललेल्या खटल्याचा निकाल एकतर्फीच लागायचा.

१५/
आता वजनाचा प्रश्न. .४७० ची दुनळी साधारण पाच किलोची, .५७७ ची सहा किलोच्या घरातली. एवढे ओझे दिवसभर मैलोगणती वाहायचे कोणी? बहुधा साहेबाने नव्हेच. साहेबाच्या मागून चालणाऱ्या बंदूकवाहकाच्या खांद्यावर ते असे आणि जनावर दिसल्यावर साहेबाच्या हाती येई. अवजड रायफलींच्या वैभवशाली परंपरेला स्वस्त मजुरीचा हा खांदा होता. त्याचे नाव दस्त्यावर कोरलेले सहसा सापडत नाही. रायफल स्वतः वागवणाऱ्याला तिचे वजन कळते. नरभक्षकाच्या मागावर पुष्कळदा एकट्याने डोंगर पालथे घालणाऱ्या कॉर्बेटला ते कळत होते. हलक्या रायफलीचा हा युक्तिवाद सच्चा आहे आणि तो मान्य केला पाहिजे.

१६/
पण त्याला एक उपकलम आहे आणि ते निसर्गाने लिहिलेले आहे. गोळी पुढे जाते तितकाच संवेग रायफल मागे घेते. काडतूस तेच ठेवून रायफलीचे वजन चार किलोंवरून तीन किलोंवर आणले, तर मागे बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. धक्का वाढला की मन तो येण्याआधीच त्याला घाबरू लागते. चाप ओढताना पापणी मिटते, खांदा आखडतो, नळी हलते. कागदी लक्ष्यावर याची शिक्षा म्हणजे एक गुण कमी. जनावराच्या बाबतीत याचा अर्थ हृदयाऐवजी पोट, फुप्फुसाऐवजी जबडा.

१७/
बेलने आणि कॉर्बेटने हलकी रायफल निवडली ती सौम्य काडतुसासह. दोन्ही गोष्टी मिळून एक निवड होती: वाहायला सोपी, धक्का कमी, म्हणून निशाणा स्थिर. आजच्या बाजारात मात्र अडीच किलोंच्या रायफलीत ‘मॅग्नम’ काडतूस भरून ते बेलच्या नावाने खपवले जाते. वजन त्याचे उचलले आणि ज्या सौम्यपणामुळे ते वजन शहाणपणाचे ठरले, तो टाकून दिला. ही परंपरा नव्हे, तिचे विडंबन आहे.

१८/
दुसऱ्या पक्षाने यावर खूश होण्याचे कारण नाही. थोरल्या बोअरचे भक्त जॉन ‘पोंडोरो’ टेलरचे सूत्र नाचवतात: गोळीचे वजन, वेग आणि व्यास यांचा गुणाकार करून काढलेले ‘नॉक-आउट’ मूल्य. टेलरचे आफ्रिकी रायफलींवरील पुस्तक १९४८ चे. त्याच्या डोळ्यांसमोर होती न पसरणारी घन गोळी आणि हत्तीच्या मस्तकावरचा नेम: मेंदू थोडक्यात हुकला तर हत्ती बधिर होऊन पडेल का, हा त्याचा प्रश्न. तेच सूत्र आज हरणावर झाडायच्या पसरणाऱ्या गोळ्यांना लावून कोष्टके छापली जातात. हत्तीच्या कवटीसाठी केलेली फूटपट्टी हरणाच्या बरगड्यांवर ठेवली, तर निघणारा आकडा अचूक दिसेल आणि निरर्थक असेल.

१९/
अमेरिकेत हाच वाद जॅक ओ’कॉनर आणि एल्मर कीथ यांच्या नावांनी गाजला. ओ’कॉनर .२७० विंचेस्टरचा (हे काडतूस १९२५ चे) पुरस्कर्ता. कीथ जड गोळी आणि मोठा व्यास यांचा. वाचकांनी पक्ष वाटून घेतले. पण दोघेही आयुष्यभर रायफल चालवत आलेले कसलेले नेमबाज होते, हे त्या वाटणीत विसरले गेले. ओ’कॉनरच्या पत्नी एलिनॉर यांची आवडती रायफल ७×५७ ची आणि त्यांची ख्याती चोख निशाण्याची. या तिघांपैकी कोणाचीही रायफल त्यांच्या सरावाविना उसनी घेतली, तर हाती राहते ती फक्त लोखंड आणि लाकूड.

२०/
कायद्यांनी हा प्रश्न वादपटूंपेक्षा अधिक समंजसपणे हाताळला आहे. अनेक आफ्रिकी देशांत हत्ती, गवा अशा घातक जनावरांसाठी .३७५ ही किमान मर्यादा आहे. ‘बेल तर .२७५ वापरत होता’ हा आक्षेप तिथे टिकत नाही, कारण कायदा बेलसाठी केलेला नसून सामान्य हातासाठी, घाबरलेल्या क्षणासाठी केलेला आहे. आणि खुद्द बेलच्या स्कॉटलंडमध्ये? तिथे हरणांसाठी वापरायच्या गोळीचे वजन, वेग, ऊर्जा ठरवून दिलेली आहे आणि ती आघाताने पसरणारीच असली पाहिजे. म्हणजे बेलची ती सुप्रसिद्ध घन गोळी त्याच्या मायदेशात हरणावर झाडणे बेकायदा ठरेल. जनावर बदलले की गोळी बदलते, एवढे साधे तत्त्व कायद्याला उमगले आहे.

२१/
भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची परंपरा कथांपुरती उरली आणि ते योग्यच झाले. मग इथल्या वाचकाने या वादात का पडावे? कारण कथाच आता जनमत घडवतात. ‘एक गोळी, जनावर जागीच ठार’ या कथेत रक्ताच्या थेंबांमागचा रात्रभरचा माग नसतो. रायफलीचे गुणगान जितके वाढते, तितके जखमी होऊन निसटलेले जनावर दिसेनासे होते. ते ना फोटोत येते, ना आकडेवारीत.

२२/
त्यासाठी शेवटी चंपावतलाच परतायला हवे. वाघीण पडल्यावर कॉर्बेटने तिचे तोंड पाहिले. उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले होते: एक अर्धा, दुसरा थेट हाडापर्यंत. कारण जुनी गोळी. त्या जखमेने नैसर्गिक भक्ष्य मारणे तिला अशक्य केले आणि ती माणसांकडे वळली, असे कॉर्बेटचे निदान होते. तिच्या नावावर नेपाळ आणि कुमाऊं मिळून ४३६ बळी नोंदले आहेत. सगळेच नरभक्षक बंदुकीने घडले असे नाही. मुक्तेसरची वाघीण साळिंदराच्या काट्यांनी जायबंदी झाली होती. पण निष्काळजीपणे झाडलेली गोळी आणि जखमी जनावराचा माग न काढणे, हे कारण कॉर्बेटने स्वतः ठळकपणे मांडले आहे.

२३/
ती पहिली गोळी कोणी झाडली, कोणत्या बोअरची होती, रायफल हलकी होती की जड, हे कोणालाही ठाऊक नाही. ती झाडणारा बहुधा घरी गेला आणि त्याने ‘हुकली’ एवढेच सांगितले असेल. त्याचे बिल कुमाऊंच्या गवत कापणाऱ्या आणि सरपण वेचणाऱ्या बायांनी फेडले.

२४/
तेव्हा यापुढे कोणी चांदीच्या पट्टीवरचे ‘चंपावत’ दाखवून .२७५ ची थोरवी गाऊ लागला, तर त्याला दोनच गोष्टी सांगाव्यात. चंपावतची वाघीण .२७५ ने मेली नाही. आणि ती नरभक्षक झाली ती एका नेम चुकलेल्या गोळीने, जिच्या कॅलिबरची नोंद कोणी ठेवली नाही.
(धागा समाप्त)